भूदृश्य नियोजनात लोकांचं मत: साठ वर्षांची पार्श्वभूमी

भूदृश्य नियोजनाचा, म्हणजे एखाद्या परिसराचं रूप कसं राखायचं आणि घडवायचं याचा, आराखडा छापून झाला, मग हरकती-सूचना मागवल्या, की लोकसहभाग पार पडला असं आजही अनेक ठिकाणी धरलं जातं. लोकांना नेमकं केव्हा विचारायचं, हा वाद मात्र जुना आहे आणि तो कोर्टातून सुरू झाला.

१९६२ मध्ये कॉन एडिसन या वीज कंपनीने न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीकाठच्या स्टॉर्म किंग डोंगरावर उदंचन जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. नदीचं पाणी पंपांनी उंचावरच्या जलाशयात चढवायचं आणि विजेची मागणी वाढली की खाली सोडायचं, अशी योजना होती. विरोध करणाऱ्यांनी ‘सीनिक हडसन’ ही संघटना उभी केली. त्यांचं आर्थिक नुकसान होत नाही, मग त्यांना दाद मागण्याचा हक्क कसा, असा आक्षेप आला. १९६५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि निसर्गसौंदर्य जपू पाहणाऱ्यांचं म्हणणंही ऐकावं लागेल, असं सांगितलं. १९८० मध्ये तडजोड होऊन प्रकल्प रद्द झाला. डोंगर दिसायला कसा आहे, याला कायद्याच्या दारात जागा मिळाली ती या खटल्यामुळे.

१९६९ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचं ठरलं. भूदृश्य रचनाकार इयान मॅकहार्ग यांनी माती, उतार, पाणी, झाडी यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून जमिनीची योग्यता ठरवण्याची पद्धत मांडली. पद्धत भक्कम होती, पण तिथे राहणाऱ्यांच्या आठवणींचा नकाशा त्यात नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या शेरी अर्नस्टाइन यांनी, लोकांच्या हाती खरी सत्ता किती येते त्यानुसार, सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. नुसती माहिती देणं आणि सल्ला घेणं या पायऱ्या त्यांनी ‘दिखाऊ सहभाग’ या गटात टाकल्या. हे परखड होतं, आणि माझ्या मते आजही तितकंच खरं आहे.

प्रत्यक्षात काय करता येतं, ते १९८०च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनातल्या मँटिओ या छोट्या गावाने दाखवलं. गावाला पर्यटन हवं होतं. नियोजनकार रँडॉल्फ हेस्टर यांनी आधी लोकांशी बोलून आणि त्यांचे रोजचे व्यवहार न्याहाळून, काय गमावायचं नाही याची यादी केली. त्यात भोवतालची दलदल होती, पोस्ट ऑफिस होतं, औषधाच्या दुकानातला सोडा काउंटर होता, घरांपुढचे ओटे होते, इतकंच काय, धड वाचता न येणाऱ्या रस्त्यांच्या पाट्याही होत्या. यातल्या जेमतेम दोन जागांना वारसा कायद्याचं संरक्षण होतं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने सोडा काउंटर नकाशावर कधीच नोंदवला नसता. ही यादी आराखड्याच्या आधी झाली, म्हणूनच ती आराखड्यात उतरू शकली.

पुढे हे तत्त्व कायद्याच्या भाषेत आलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेतल्या १९९२च्या रिओ जाहीरनाम्याच्या दहाव्या तत्त्वाने पर्यावरणविषयक निर्णयांत नागरिकांचा सहभाग मान्य केला. पर्यावरणविषयक माहिती आणि सहभागाच्या हक्कांबाबतच्या १९९८च्या आऱ्हूस या आंतरराष्ट्रीय कराराने त्याला वेळेची अट जोडली: सर्व पर्याय खुले असतानाच लोकांना सामील करून घ्यायचं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं हे सर्वात मोलाचं वाक्य.

२००० साली फ्लॉरेन्समध्ये झालेल्या युरोपीय भूदृश्य कराराने व्याख्याच बदलली. लोकांना जसा जाणवतो तसा प्रदेश म्हणजे भूदृश्य, असं त्यात म्हटलं आहे. शिवाय करार फक्त रमणीय जागांपुरता नाही. शहरं, शेतं, उजाड झालेले पट्टे, सगळं त्यात येतं. भूदृश्याच्या दर्जाची उद्दिष्टं लोकांशी सल्लामसलत करूनच ठरवायची, असंही सहावं कलम सांगतं. सल्लामसलत कशी करायची, हे मात्र करार प्रत्येक देशावर सोपवतो. त्यामुळे त्याच कराराखाली एका ठिकाणी गावकरी कोऱ्या नकाशावर खुणा करतात, तर दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या हाती तयार आराखडा आणि हरकतींची मुदत एवढंच येतं.