वय झालं की मेंदूच्या पेशी रोज लाखांनी मरतात?

बरीच वर्षं फिरणारा मजकूर असा: तिशीनंतर मेंदूच्या पेशी रोज लाखांनी मरतात, म्हणून म्हातारपणी स्मरणशक्ती जाणारच.

हा समज आला जुन्या मोजणीतून. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीसाठी तयार करताना मेंदूची ऊती आकसते, आणि तरुण व वृद्ध मेंदूंत ती सारखी आकसत नाही. त्यामुळे आकडे चुकले. सुधारित पद्धतीने मोजल्यावर 20 ते 90 या वयात मेंदूच्या बाह्यकातल्या (बाहेरच्या थरातल्या) चेतापेशी सुमारे 10 टक्केच कमी भरल्या.

एमआरआयमध्ये वयानुसार मेंदू थोडा आकसलेला दिसतो, हे खरंच. पण त्यात पेशी मोजता येत नाहीत. आकसण्यामागे पेशी लहान होणं, त्यांच्या जोडण्या विरळ होणं हीही कारणं असतात. फंक्शनल एमआरआयमधले (मेंदू काम करताना घेतलेल्या एमआरआयमधले) लाल-पिवळे ठिपके तर संगणकाने भरलेले रंग. यंत्र टिपतं ते रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल. गंमत म्हणजे, आठवणीच्या काही चाचण्यांत तरुणांच्या मेंदूचा पुढचा भाग मुख्यतः एका बाजूला सक्रिय दिसतो, तर अनेक वृद्धांत तो दोन्हीकडे.

शिवाय स्मृती एकच नसते. काल काय घडलं ते आठवणं अवघड होतं. शब्दसंपत्ती मात्र साठीपर्यंत सहसा टिकते, वाढतेही.

पडताळायचंय? घरातल्या ज्येष्ठांना 15 शब्द वाचून दाखवा. अर्ध्या तासाने आधी नुसते आठवायला सांगा, मग नव्या शब्दांत मिसळून ओळखायला द्या. दुसऱ्या खेपेला बरेच जास्त सापडतील. म्हणजे ते शब्द पुसले गेले नव्हते, शोधायला अडचण होती. रोजचे व्यवहारच अडू लागले, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. ते केवळ वय नसतं.