हिरव्या लेझरच्या पोटातला न दिसणारा प्रकाश

सीताबर्डीच्या बाजारात मिळणारा जुन्या धाटणीचा हिरवा लेझर पॉइंटर नागपूरच्या ४५ अंशांच्या दुपारी मंदावतो, आणि डिसेंबरच्या पहाटेही. सेल नवे असले तरी. दोष अरेषीय प्रकाशशास्त्रावर, म्हणजे तीव्र प्रकाशाला पदार्थ सरळ प्रमाणात प्रतिसाद देत नाही यावर, चालणाऱ्या त्याच्या आतल्या साखळीत असतो.

या पॉइंटरमध्ये हिरवा डायोड नसतोच. ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड निओडिमियमयुक्त व्हॅनेडेट स्फटिकाला ऊर्जा देतो. त्यातून १०६४ नॅनोमीटरचा लेझर निघतो, तोही अदृश्य. पुढचा केटीपी (पोटॅशियम टायटॅनिल फॉस्फेट) स्फटिक त्याचे दोन फोटॉन जोडून ५३२ नॅनोमीटरचा एक हिरवा फोटॉन घडवतो.

साध्या प्रकाशात पदार्थातले इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राच्या प्रमाणात हलतात. क्षेत्र फार तीव्र झालं की त्यात क्षेत्राच्या वर्गाचाही वाटा जाणवू लागतो, आणि साइनचा वर्ग केला की दुप्पट वारंवारता आपोआप येते. काचेत हा वाटा शून्य, कारण तिला उलट-सुलट दिशा सारख्याच. केटीपीत त्या सारख्या नाहीत. मूळ प्रकाश दुप्पट केला की हिरवा साधारण चौपट होतो. म्हणूनच केटीपी लेझरच्या दोन आरशांच्या मध्ये, जिथे १०६४ सर्वांत तीव्र असतो, तिथे बसवतात.

खरी गोम मात्र कलाजुळणीत, म्हणजे लहरींचे चढउतार एकमेकांशी जुळवण्यात आहे. दोन्ही रंगांचे अपवर्तनांक वेगळे, त्यामुळे स्फटिकात मागे-पुढे तयार झालेल्या हिरव्या लहरी काही मायक्रोमीटरांतच एकमेकींना खोडू लागतात. यावर उपाय म्हणजे दुहेरी अपवर्तनाचा (प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेनुसार अपवर्तनांक बदलण्याचा) फायदा घेत, लहरी जुळून राहतील अशा नेमक्या कोनात स्फटिक कापणं. १९६१ साली पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी माणकाच्या लेझरने क्वार्ट्झमध्ये वारंवारता दुप्पट होण्याचा हा परिणाम प्रथम दाखवला, तेव्हा ही जुळणी नव्हती. मिळालेला ठिपका इतका पुसट, की छापताना तो डाग समजून काढून टाकला गेला!

आता उन्हाळा. डायोडची तरंगलांबी दर अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकते. ३५ अंशांच्या फरकात १० नॅनोमीटर. व्हॅनेडेट ८०८ च्या आसपासच्या मोजक्या नॅनोमीटरांतच नीट शोषतो. उरलेला अवरक्त प्रकाश, स्वस्त पॉइंटरमध्ये गाळणी नसेल तर, थेट बाहेर पडतो. म्हणजे पॉइंटर मंद आहे म्हणून तो डोळ्यांना सुरक्षित आहे, असं मुळीच नाही.

गळती तपासायला कागदाला भोक पाडा, त्यातून किरण १० सेंमीवरच्या सीडीवर सरळ टाका आणि परतणारे ठिपके कागदावर घ्या; सीडीच्या बारीक खाचा प्रत्येक तरंगलांबी वेगळ्या कोनात परतवतात. आरशासारखी चमक डोळ्यांत जाणार नाही हे आधी पाहा. हिरवे ठिपके भोकापासून ३.५ आणि ८.९ सेंमीवर पडतील. ८०८ चा ५.९ सेंमीवर, तो मोबाइलच्या कॅमेऱ्यातून शोधा, पण टीव्ही रिमोटचा दिवा ज्यात चमकताना दिसतो त्याच कॅमेऱ्यातून. डीव्हीडी चालणार नाही, तिच्या ०.७४ मायक्रोमीटर अंतराच्या खाचांतून ८०८ चा ठिपका मिळतच नाही. आणि १०६४? तो बरोबर ८.९ सेंमीवर, हिरव्याच्या दुसऱ्या ठिपक्यावरच पडतो. त्यामुळे मधली जागा कोरी दिसली तरी गळती नाहीच, असं म्हणता येत नाही.