पॉलिश मारलं तरी ओक फुगतोच

नाशिकला किचन ट्रॉल्यांचं काम काढलं की कोणीतरी हमखास सांगतं, "दारं ओकच्या लाकडाची आहेत ना? मग चार हात पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारून घ्या, पावसाळ्यात फुगणार नाहीत." हे अर्धसत्य आहे. पॉलिश ओलाव्याचा वेग कमी करतं, त्याची वाट बंद करत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सुकलेलं लाकूड जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हळूहळू ओलावा ओढतंच.

आणि फुगतं ते आडवं. लाकडाच्या तंतूंच्या रेषांच्या दिशेने जवळपास नाहीच. सपाट चिरलेल्या (म्हणजे वाढीच्या वलयांना साधारण समांतर कापलेल्या) ओकचं 40 सेंमी रुंद पॅनल, म्हणजे दाराच्या चौकटीतली मधली फळी, घ्या. लाकडातला ओलावा 4 टक्क्यांनी वाढला, तर ते साधारण साडेपाच-सहा मिमी रुंदावतं. त्याला जागाच ठेवली नाही, तर चौकटीचे सांधे उकलणार. म्हणून भरीव पॅनल चौकटीच्या खाचेत मोकळं बसवतात, चारही कडांना फेविकॉल लावून घट्ट करत नाहीत. मिस्त्री "हलतंय" म्हणून चिकटवायला निघाला, तर तिथेच थांबवा. फार तर वरखाली मधोमध एकेक थेंब.

पॅनलला पॉलिशही बसवण्याआधीच करावं. नाहीतर ते कोरड्या हवेत आकसलं की कडेला पांढुरकी, कोऱ्या लाकडाची पट्टी उघडी पडते. आतली बाजू दिसत नाही म्हणून एकच हात मारायचा, ही काटकसर तर महागातच पडते: दोन्ही बाजूंनी ओलावा सारखा शिरत नाही आणि दार वाकतं.