मुशी-पाकटांची कॅमेरा-पाहणी : काम ठरवण्याआधी हे वाचा

मालवण परिसरात आम्ही पाण्याखालच्या कॅमेऱ्याने मुशी (शार्क) आणि पाकटं (शार्कचे चपट्या अंगाचे भाऊबंद) यांची पाहणी करून देतो. महाविद्यालयं, संशोधक, डायव्हिंग केंद्रं आणि मच्छीमार सोसायट्या हे आमचे ग्राहक. होडी, कॅमेरे, चौकट आणि नंतरचं चित्रफितींचं वाचन, सगळं आमच्याकडे होतं. बरेचजण येताना एकच प्रश्न घेऊन येतात : आमच्या किनाऱ्याला मोऱ्या, म्हणजे मुशी, किती आहेत? एकूण किती, ते कॅमेरा सांगू शकत नाही. कुठे दिसतात, कोणत्या जातीच्या दिसतात, कालच्यापेक्षा आज कमी झाल्या का, हे मात्र तो चांगलं सांगतो. पैसे खर्च करण्याआधी हा फरक आपल्याला माहीत असावा, म्हणून हे पत्रक.

काम असं चालतं. लोखंडी चौकटीवर कॅमेरा बसवलेला असतो. त्याच्यासमोर दीड मीटरच्या दांड्याला जाळीची डबी, आणि तिच्यात साधारण किलोभर ठेचलेली तारली किंवा बांगडा. मासळी तेलकट हवी, कारण वास पाण्याच्या ओढीबरोबर दूर जायला हवा. चौकट तळाला ठेवायची, दोरीला बोया बांधायचा आणि होडी लांब न्यायची. तासाभराने उचलायची. डायव्हरच्या बुडबुड्यांना मुशी बुजतात. इथे माणूसही नाही आणि इंजिनही नाही. जाळं लावावं लागत नसल्याने एकही जीव मरत नाही. दोन चौकटींमध्ये आम्ही किमान ५०० मीटर अंतर ठेवतो, नाहीतर एकाच वासावर आलेला मासा दोन्हीकडे मोजला जाईल.

मोजणीचा नियम नीट समजून घ्या, वाद इथेच होतात. एक मुशी तासाभरात दहा वेळा कॅमेऱ्यासमोरून गेली तर त्या दहा मुशी होत नाहीत. म्हणून पूर्ण तासात एकाच क्षणी, एकाच चित्रात त्या जातीचे जास्तीत जास्त जितके मासे दिसले, तोच आकडा धरायचा. जगभरचे अभ्यासक याला मॅक्सएन म्हणतात. खरी संख्या याहून जास्त असू शकते, कमी असू शकत नाही. आमच्या अहवालात 'तीन' लिहिलेलं असेल तर तिथे निदान तीन होत्या, एवढंच आम्ही छातीठोकपणे सांगतो.

आणि शून्य? एका तासाच्या शून्याला फारसा अर्थ नाही. पाणी गढूळ असेल, मासा रात्री फिरणारा असेल, पाकट वाळूत अंग पुरून बसलं असेल. पण त्याच मापाने, तेवढंच आमिष घालून, पुन्हा पुन्हा टाकलेले कॅमेरे शून्यच दाखवू लागले की काळजी करावी. ग्लोबल फिनप्रिंट या प्रकल्पाने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. ५८ देशांतल्या ३७१ प्रवाळ खडकांवर १५ हजारांहून जास्त कॅमेरे टाकले, आणि २०२० मध्ये निष्कर्ष आला की जवळपास पाचव्या हिश्श्याच्या खडकांवर एकही शार्क दिसला नाही. २०२३ मध्ये त्यांनी आणखी विस्तृत आकडे मांडले : प्रवाळांत नेहमी आढळणाऱ्या पाच जातींचे शार्क सरासरी ६३ टक्क्यांनी घटले आहेत. जिथे मासेमारीवर नियंत्रण नाही तिथे शार्क जातात आणि मागे बहुतेक पाकटंच उरतात. म्हणून आम्ही मुशींबरोबर पाकटंही जातवार मोजतो, आपण मागितलं नसलं तरी.

आता आपल्या कोकणाच्या पाण्याविषयी. ही पद्धत प्रवाळांच्या नितळ पाण्यात चांगली चालते. इथे नद्यांचा गाळ आहे, पावसाळ्यात तर हात पुढे केला तरी दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम बरा, त्यातही भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते. उधाणाला पाणी ढवळतं आणि ओढीने चौकट कलंडते. प्रत्येक ठिकाणी आम्ही दृश्यता मोजतो. तीन मीटरच्या आत असेल तर तो तास मोजणीत धरत नाही आणि त्याचे पैसेही लावत नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून जास्त किलोमीटरवर आंग्रिया बँक हा समुद्रात बुडालेला प्रवाळांचा उंचवटा आहे, तिथलं पाणी याहून कितीतरी स्वच्छ. पण ते लहान होडीचं काम नव्हे, त्यामुळे ते आम्ही घेत नाही.

आणखी एक अडचण आधीच सांगतो. महाराष्ट्राच्या बंदरांवर भरपूर उतरते ती सोनमुशी. ती किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यातली, आणि तिथे कॅमेऱ्याला दिसायला काहीच नसतं. नुसत्या चित्रफितींवर विसंबलात तर इथली सगळ्यात ओळखीची मोरी आपल्या अहवालात नसेल. म्हणून जेट्टीवरच्या मासळीची नोंदही सोबत ठेवा, असा आमचा आग्रह असतो. जेट्टीवर मेलेलं कळतं, कॅमेऱ्यात जिवंत असलेलं. बहुतेक मुशी-पाकटांची पिल्लं थोडी आणि वयात यायला वर्षं लागतात. बांगड्यासारखी ती एका हंगामात भरून निघत नाहीत. दोन्ही बाजूंची नोंद असेल तर घट लवकर लक्षात येते.

परवानगीचं काम आपल्याकडे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे कॅमेरा टाकायचा तर वनविभागाची लेखी परवानगी आपल्या संस्थेच्या नावाने हवी. वेळ लागतो, अर्ज पावसाळ्यातच करा. अभयारण्याबाहेरही आम्ही आदल्या दिवशी तांडेलांना (मासेमारी होड्यांच्या प्रमुखांना) विचारूनच जागा ठरवतो. कुणाच्या जाळ्यावर चौकट टाकणार नाही. शिवाय कुठे काय दिसतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

२००१ पासून व्हेल शार्कला आणि इतर काही मुशी-पाकटांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी वाढली. त्यातली जात दिसली तर नेमकी जागा फक्त आपल्या अहवालात जाते. ती समाजमाध्यमांवर टाकू नका, ही कळकळीची विनंती.

हातात काय मिळेल : सगळ्या मूळ चित्रफिती आणि एक तक्ता. त्यात तारीख, वेळ, खोली, दृश्यता, जात, पहिल्यांदा दिसल्याचं मिनिट आणि मॅक्सएन. प्रत्येक ओळख दुसरा माणूस तपासतो. खात्री नसेल तर आम्ही फक्त 'पाकट' लिहितो, जातीचा अंदाज मारत नाही. माशाची लांबी हवी असेल तर दोन कॅमेऱ्यांची जोडचौकट लागते आणि खर्च वाढतो. पिल्लं कुठे वाढतात हे शोधायचं असेल तर तो खर्च जरूर करा. बाकी कामांना एक कॅमेरा पुरतो. भांगाच्या तारखा आधी भरतात, त्यामुळे परवानगीची प्रत हातात आली की लगेच दिवस ठरवू.