दुखणं अंगावर काढताना

ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) आणि विरळणीची धांदल उडते. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्या मांडवाखाली मान मागे टाकून, हात डोक्याच्या वर धरून तासन्‌तास राबतात. काम बहुतेकदा उक्तं, त्यामुळे खांदा भरून आला म्हणून कुणी थांबत नाही. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत मशीनवर उभ्याने पाळी काढणाऱ्यांच्या कंबरेची कथा वेगळी नाही.

वेदना 3 महिन्यांहून जास्त टिकली की वैद्यक तिला दीर्घकालीन म्हणतं. मूळ दुखापत तोवर भरलेलीही असू शकते. पण वेदनेचे संदेश सतत येत राहिल्याने मज्जारज्जूतल्या पेशी हळव्या होतात आणि साध्या स्पर्शानेही कळ उठू लागते. वेदनेचे संशोधक क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हा हळवेपणा दाखवला. म्हणून एमआरआयमध्ये काही न सापडताही माणूस खरोखर कळवळत असतो. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ असं सुपरवायझर म्हणाला तर एक वेळ समजू शकतं. डॉक्टरांनीही तिथेच विषय संपवावा, हे पटत नाही.

माझ्या मते खरं नुकसान होतं ते दुखणं लपवण्यासाठी केलेल्या खटाटोपाने. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणायची, पाळी ओढायची, उद्या पुन्हा तेच. ही गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, त्यामुळे वेदना घटते. पण जठराचं अस्तर जपायला आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखायला हेच रसायन लागतं. उन्हात, लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बाईने रोज ती घेतली, तर मूत्रपिंडांवर दोन्हीकडून ताण. शिवाय दुखण्याने झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेने वेदना आणखी बोचते. रात्रपाळी असली तर बघायलाच नको.

पडून राहणं हाही उपाय नव्हे, त्याने स्नायू दुबळे होतात. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात व्यायाम आणि मानसिक आधारावर भर आहे. दुकानोदुकानी टांगलेल्या कंबरपट्ट्याची मात्र त्यात शिफारस नाही! बरं वाटलेल्या दिवशी साचलेलं सगळं उरकायचं नाही, आणि कळ वाढायच्या आधीच, घड्याळ बघून थांबायचं, हे जमलं तर काम टिकतं. पण उक्त्या कामात थांबण्याचे पैसे मिळत नाहीत आणि 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत दीर्घकालीन वेदनेचं स्वतंत्र नाव नाही. तेव्हा ही सवड सध्या तरी मुकादमाच्या मर्जीवर.