गाव म्हातारं होणं वेगळं, देश म्हातारा होणं वेगळं

गेल्या लावणीच्या दिवसांत कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीकडच्या आमच्या गावी गेलो होतो. आबांच्या शेतात रोप लावायला सात बायका होत्या, आणि त्यांतली सगळ्यांत तरणी पंचावन्नची. बांधावर बसल्या बसल्या आबा म्हणाले, "गावात कोण हाय गा आता? म्हातारीच उरलीत सगळी. पोरं गेली गोव्याला नाहीतर पुण्याला." परतताना बेळगावात एका ओळखीच्या डॉक्टरांकडे थांबलो. बोलता बोलता तेही म्हणाले, "आपला देश म्हातारा होत चाललाय." ऐकायला दोन्ही एकच वाटतं. आबा सांगत होते ती गोष्ट वेगळी आणि डॉक्टर सांगत होते ती वेगळी. या दोन्हींची गल्लत सभांमधल्या भाषणांत होते तशी घराघरांतल्या बोलण्यातही होते, आणि मग उपायही चुकीच्या ठिकाणी शोधला जातो.

आबांचं गाव म्हातारं झालंय ते वजाबाकीने. खानापूर तालुक्याचा हा पश्चिमेकडचा भाग म्हणजे जंगल, धो धो पाऊस आणि भाताचं एक पीक. चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो, आणि तिथे रोजगार आहे. पोरं जन्मली, शिकली, कमावती झाली. फक्त इथे नाहीत. इथून गेलेला पोरगा पणजीच्या नाहीतर पिंपरीच्या लोकसंख्येत मिळवला जातो. म्हणजे गाव जेवढं म्हातारं झालं, तेवढं कुठलं तरी शहर तरुण झालं. देशाच्या हिशोबात काहीच बदललं नाही.

देशाचं तसं नाही. देश म्हातारा होतो तो मुख्यतः जन्म घटल्यामुळे. माणसं जास्त जगायला लागली म्हणून म्हातारी वाढली, असं आपण सहज म्हणतो, आणि त्यात तथ्य आहेच. 1970-75 च्या सुमारास भारतात जन्मणाऱ्या मुलाचं सरासरी आयुर्मान पन्नाशीच्याही आत होतं, 2016-20 पर्यंत ते 70 वर्षांवर आलं. पण मृत्यू कमी व्हायला लागतात तेव्हा आधी वाचतात ती तान्ही मुलं, त्यामुळे सुरुवातीला देश उलट तरुणच होतो. खरा फरक पडतो पाळणे कमी झाल्यावर. 1970 च्या सुमारास भारतात एका बाईला सरासरी पाच मुलं होत होती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा 2.0 वर आला होता. कर्नाटकात तो 1.7 आणि महाराष्ट्रातही 1.7. सीमेच्या अलीकडे-पलीकडे भाषा, बस, कागदपत्रं यांत कितीही फरक असो, पाळण्यांचा आकडा मात्र एकच आहे. आई-बापाच्या जागी पुढची तेवढीच पिढी उभी राहायची तर तो साधारण 2.1 लागतो. 2011 च्या जनगणनेत देशात शंभरात साधारण साडेआठ माणसं साठीच्या पुढची होती. 2050 पर्यंत पाचात एक होतील, असा लोकसंख्येच्या अभ्यासकांचा अंदाज आहे.

दोन्हींतला फरक ओळखायचा तर गणपतीत गावी यावं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्या वाटेवर गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या गाड्यांची रांग लागते. वर्षभर कुलूप असलेल्या घरात दहा-बारा ताटं पडतात. पाच-सहा दिवस गाव पुन्हा तरणं असतं. वजाबाकीने म्हातारं झालेलं गाव असं भरू शकतं, कारण माणसं कुठेतरी आहेत. देशाला असा गणपती नाही. जी मुलं जन्मलीच नाहीत ती कुठल्या गाडीने येणार?

पैशाच्या बाबतीत तर ही दोन म्हातारपणं अगदीच निराळी वागतात. गावात पैसा बाहेरून येतो. मुलगा मोबाइलवरून पाठवतो. कुणी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेलं असतं, त्यांची पेन्शन येते. आमच्या काकूंना कर्नाटक सरकारच्या संध्या सुरक्षा या म्हातारपणाच्या पेन्शन योजनेचे महिन्याला 1200 रुपये मिळतात. तेवढ्यात औषध-पाणी भागत नाही, पण चूल थंड पडत नाही. कमी पडतात ते हात. पूर्वी लावणी पैऱ्यावर व्हायची, आज तुमच्यात, उद्या आमच्यात. आता पैरा फेडायलाच माणूस नाही. म्हणून कुणी भात सोडून काजू लावला, कुणाचा तुकडा पडीक राहिला.

अख्खा देश असा बाहेरून येणाऱ्या पैशावर जगू शकत नाही. इथे एक गोष्ट सावकाश समजून घ्यायला हवी, कारण शिकलेली माणसंही इथे फसतात. आपल्याला वाटतं, प्रत्येकाने तरुणपणी साठवलं की प्रश्न मिटला. एका माणसापुरतं ते बरोबर आहे. पण साठवलेले पैसे म्हणजे कणगीतलं भात नव्हे. साठवलं कितीही असो, 2050 सालच्या म्हाताऱ्याला लागणारा भाकरतुकडा, त्याला अंघोळ घालणारा माणूस, त्याची बस चालवणारा ड्रायव्हर हे सगळं त्या वर्षी कामावर असलेल्या हातांतूनच यायचं. हात कमी आणि मागणारे जास्त झाले की सेवा महागतात आणि साठवलेला रुपया कमी पुरतो. पेन्शन सरकार देवो, कंपनी देवो की मुलगा देवो, हा हिशोब कुणाला चुकत नाही.

जपानने हे आपल्या आधी पाहिलं. पासष्टीपुढच्या लोकांचं प्रमाण शंभरात 7 वरून 14 वर जायला फ्रान्सला 115 वर्षं लागली, 1865 ते 1980. जपानमध्ये तेच 1970 ते 1994 या 24 वर्षांत झालं. मग जपानने 2000 साली म्हातारपणाच्या शुश्रूषेचा वेगळा विमा काढला. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने त्यात हप्ता भरायचा. आज तिथे शंभरात 29 च्या आसपास माणसं पासष्टीपुढची आहेत. पण जपान श्रीमंत होऊन मग म्हातारा झाला. आपल्याकडे बहुतेक माणसं शेतात, मागावर, गवंडीकामात, जिथे ना फंड ना पेन्शन. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत जन्म घालवलेल्या कामगाराला कर्मचारी पेन्शन योजनेत मिळणारी किमान रक्कम 2014 पासून महिना 1000 रुपये ठरलेली आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागे केंद्राचा वाटा महिना 200 रुपये आहे. ही रक्कम पाहून मला आत कुठेतरी लाज वाटते.

म्हणून उपायही वेगवेगळे. आबांच्या गावाला हवी आहे वेळेवर बस, रक्तदाब तपासणारी नर्स आणि कन्नडमधला अर्ज मराठीत समजावून सांगणारा माणूस. काकू मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकल्या. एका कचेरीत त्यांच्याकडून न वाचलेल्या कागदावर अंगठा घेतला, सही येत असूनही. असे प्रश्न जन्मदर वाढवून सुटत नाहीत. उलट, गावात कारखाना काढून चार पोरं परत आणली म्हणून देशाचं वय कमी होत नाही. ती दुसरीकडची तरुणाई इकडे सरकली, एवढंच. बेळगावच्या कारखान्यांत आज बिहार-उत्तर प्रदेशची हिंदी ऐकू येते, तीही याच सरकण्यातून. कुटुंब आरोग्याच्या त्याच पाहणीत बिहारमध्ये एका बाईमागे मुलांचा आकडा 3.0 होता, म्हणून अजून काही वर्षं तिथून माणसं येतील. तिथलाही पाळणा आता उतरतोच आहे. देशाला लागणार आहेत पेन्शनची मोठी व्यवस्था, बायकांना पगाराची कामं, साठीनंतरही झेपेल असं काम आणि शुश्रूषा करणाऱ्यांचा रीतसर पेशा. हे बसच्या फेऱ्या वाढवून होणारं काम नाही.

मराठी शाळांचं उदाहरण तर दोन्हींच्या मधोमध बसतं. पहिलीच्या वर्गात बोटांवर मोजण्याइतकी मुलं दिसली की आपण लगेच एक कारण धरून बसतो. खरं तर काही मुलांचे आई-बाप बाहेर गेलेत, काही घरांत मुलंच एक-दोन, आणि काही मुलं इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये बसून समोरूनच जातात. यातलं तिसरं कारण आपल्या हातात सगळ्यांत जास्त आहे, आणि त्यावरच आपण सगळ्यांत कमी बोलतो.

पण आबांचं म्हणणं आणि डॉक्टरांचं म्हणणं आता आमच्या घरात एकत्र आलंय. बाहेर जाणं नवीन नाही. आबांचे दोन भाऊ मुंबईच्या गिरणीत होते. पण भावंडं सहा होती. दोघं गेले तरी चौघं उरले, त्यांत शेत निघालं आणि आजीची शेवटची सेवाही झाली. आबांना मुलगा एकच, तो गोव्यात. त्याला मुलगी एकच. एक गेला की घर संपलं. आधी जाणाऱ्यांच्या मागे माणसं होती, आता मागे कुणी नाही.

काकूंची डोळ्यांची तपासणी मंगळवारी बेळगावात आहे. कर्नाटकात बायकांना 2023 पासून सरकारी बस फुकट आहे, तेव्हा तिकिटाचा प्रश्न नाही. सोबत शेजारची अक्का जाणार आहे. अक्काचं वय सहासष्ट. तिचा मुलगाही पुण्याला असतो, आणि पुढच्या महिन्यात तिची स्वतःची तपासणी आहे, तेव्हा काकू तिच्यासोबत जातील.