राष्ट्रीय ब्रिज संघटनेचं सभासदत्व आणि संघनिवड: अर्ज, पात्रता, कागदपत्रं

ब्रिज हा पत्त्यांचा खेळ भिडूशिवाय खेळता येत नाही, पण संघटनेचं सभासदत्व ज्याचं त्यालाच घ्यावं लागतं. भिडूने फी भरली म्हणून तुमचं नाव यादीत येत नाही.

जागतिक ब्रिज महासंघ (स्थापना १९५८, ऑस्लो) प्रत्येक देशातल्या एकाच राष्ट्रीय संघटनेला मान्यता देतो. त्यामुळे बर्म्युडा बोलसारख्या जागतिक सांघिक स्पर्धेत देशाच्या नावाने उतरायचं, तर संघ या संघटनेकडूनच जावा लागतो. परस्पर प्रवेशिका चालत नाही.

सभासदत्वाचा अर्ज अगदीच सोपा असतो. तो साधारणपणे क्लबमार्फत किंवा थेट संघटनेकडे जातो आणि त्याला ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, फोटो नि वार्षिक फी एवढंच लागतं. नाव मात्र पासपोर्टवर आहे तसंच लिहा. मास्टर पॉइंट, म्हणजे स्पर्धांतल्या कामगिरीबद्दल मिळणारे गुण, सभासद क्रमांकावर जमा होतात. माझ्या एका भिडूचे पॉइंट दोन वर्षं दोन खात्यांत पडत होते, एकीकडे आद्याक्षर, दुसरीकडे पूर्ण नाव.

राष्ट्रीय संघाच्या निवड चाचणीला बसायचं तर पात्रता तपासली जाते: चालू वर्षाचं सभासदत्व, त्या देशाचं नागरिकत्व किंवा नियमात बसणारं वास्तव्य, आणि प्रलंबित शिस्तभंगाची कारवाई नसणं. युवा गटांत २६, २१ आणि १६ वर्षांखालील अशा मर्यादा असतात. वय कोणत्या तारखेला मोजणार हे त्या स्पर्धेच्या परिपत्रकातच पाहा, गेल्या वर्षीचं परिपत्रक धरून चालू नका. संघात चार ते सहा खेळाडू, शिवाय हवा तर न खेळणारा कर्णधार.

खरी मेहनत असते ती कन्व्हेन्शन कार्डात, म्हणजे जोडीच्या बोलींचे अर्थ लिहिलेल्या तक्त्यात. तुमची प्रत्येक बोली काय सांगते, हे प्रतिस्पर्ध्याला आधी कळलं पाहिजे, म्हणून हे कार्ड जोडीने भरायचं असतं. महासंघ बोलीच्या पद्धतींना रंग देतो. नैसर्गिक बोली असेल तर हिरवा, ‘एक किलवर’ नेहमी जोरदार हात दाखवत असेल तर निळा, इतर कृत्रिम पद्धतींना लाल. ओपनिंगच्या (पहिली बोली लावण्याच्या) ताकदीचा हात घेऊन तुम्ही ‘पास’ म्हणणार असाल तर पिवळा, आणि पिवळ्या पद्धती बऱ्याच स्पर्धांत चालतच नाहीत. ‘दोन बदाम: वीक’ (कमजोर हात) एवढंच लिहून भागत नाही. हातातल्या मोठ्या पानांचे किती पॉइंट, बदामच्या पाच पानांवर चालतं का, हेही लिहा. दोघांच्या कार्डांत तफावत निघाली तर वाद टेबलावर उद्भवतो आणि निर्णय बहुधा तुमच्या विरोधात जातो. असाधारण पद्धती मुदतीआधी कळवाव्या लागतात, नंतर कळवलेल्या धरत नाहीत.

शेवटचा कागद बहुतेक जण विसरतात, तो औषधांचा. पत्त्यांत कसलं डोपिंग, असं वाटत असेल तर गाइर हेल्गेमोचं उदाहरण आहे. या अव्वल खेळाडूवर २०१९ मध्ये एक वर्षाची बंदी आली, तीही ज्या औषधांनी खेळ सुधारत नाही अशा औषधांमुळे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं आणि ते निषिद्ध यादीत आहे. नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही, उपचारासाठीच्या सवलतीचा वेगळा अर्ज आधी मंजूर करून घ्यावा लागतो. त्याला तपासणीचे अहवाल जोडावे लागतात, तेव्हा संघात नाव येण्याची वाट न पाहता चाचणीच्या अर्जाबरोबरच ते काम हाती घ्या.